रस्ता कुणाच्या बापाचा?

मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी एक साहित्य शिबिर झालं. रातपाळी उरकून, डोक्यातला कापूस झटकत मी तसाच तिथं गेलो. एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. विषय, साहित्यातला रस्ता. माणूस अभ्यासू, बोलणं गोड. ते म्हणाले, घर खाजगी असतं, देऊळ धर्माचं असतं, कचेरी सरकारची असते. रस्ता तेवढा सगळ्यांचा. रस्त्यावर आला की माणूस मोकळा होतो. मग पॅरिसच्या गल्ल्यांतून रमतगमत हिंडणारा माणूस, त्याच्यावर लिहिणारे परदेशी कवी, त्या कवींवर लिहिणारे परदेशी विचारवंत असं बरंच काही झालं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन आडवा झालो तर झोप येईना. 'रस्ता सगळ्यांचा' हे वाक्य कानाला बरं वाटलं होतं, पण पायाला पटलं नव्हतं. तिथंच उभं राहून विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. प्राध्यापकांपुढं आपली जीभ अजून जड होते, हे कबूल करतो. म्हणून इथं लिहितो. मी समीक्षक नाही. दहावीनंतर शाळा सुटली, सूतगिरणीत रिंग फ्रेमवर डॉफर म्हणून लागलो, आता साचे सांभाळतो. जे वाचलं ते वाचनालयातलं आणि मित्रांकडून मागून आणलेलं. तेव्हा चुकलं तर कान धरा, पण मुद्दा सोडू नका.

आधी घरचंच सांगतो. माझा आजा मुंबईला गिरणीत होता. गावात चपला हातात घेऊन चालणारा हा माणूस परळच्या नाक्यावर बूट घालून, सिगारेट पेटवून उभा राहायचा. एक फोटो आहे घरात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. संप लांबला, आणि अडीच लाख कामगारांतल्या हजारोंसारखा आजाही बोचकं बांधून गावी परत आला. आजी सांगायची, एस.टी.तून उतरला, बूट घालूनच उतरला. पण मोठ्या वाड्यापुढं आला आणि वाकून बूट काढले, हातात घेतले. वाड्याच्या ओट्यावर तेव्हा कुणीही बसलेलं नव्हतं. कुणी हटकलं नव्हतं. वीस वर्षं मुंबईत ताठ चाललेला माणूस, गावातल्या त्या पन्नास पावलांत वाकला. रस्ता त्याच्या अंगात भिनून बसला होता.

माझं म्हणणं या पन्नास पावलांचं आहे. रस्ता म्हणजे दोन जागांमधली मोकळी पट्टी नाही. रस्ता माणूस घडवतो. त्याची मान, त्याची चाल, त्याची नजर, त्याची भाषा. आणि सगळ्यांना सारखं घडवत नाही. मग साहित्यात, सिनेमात, चित्रात रस्ता आला की पहिला प्रश्न हाच पाहिजे : हा रस्ता कुणाच्या पायांनी लिहिलाय?

आपल्या साहित्यातला पहिला रस्ता कुठला? मला विचाराल तर तो १८५५ सालचा आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'त छापून आला. त्यात ती पेशवाईतल्या पुण्याचा रस्ता सांगते. तालमीसमोरून मांग-महार गेला तर त्याचं डोकं उडवायचं, आणि गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू नि डोक्याचा चेंडू करून खेळायचं. लक्षात घ्या, ती मुलगी सुरुवात पोटापासून करत नाही, 'आम्ही गरीब आहोत' म्हणून रडत नाही. रस्त्यावरून चालायचीच चोरी असेल तर विद्या कुठून मिळणार, हा तिचा रोखठोक सवाल आहे. शाळेची वाट रस्त्यावरून जाते, हे चौदा-पंधरा वर्षांच्या आतल्या पोरीला कळलं होतं.

त्याच पुण्याबद्दल बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंहार'च्या भाषणात लिहिलंय : कमरेला झाडू, म्हणजे आपली पावलं आपणच पुसत जायची, गळ्यात मडकं, म्हणजे थुंकी जमिनीवर पडायला नको. आता हा झाडू आणि हे मडकं चित्रात बघायचं असेल तर सवी सावरकरांची चित्रं बघा. (आडनावाला दचकू नका, नागपूरचा आपला माणूस आहे.) त्यांच्या चित्रात गळ्यात मडकं, मागं झाडू लावलेला माणूस उभा असतो. ठसठशीत काळ्या रेषा, मोठे डोळे. घर, झाड, दुकान यांची सजावट नाही. रस्ता काढायची गरजच पडलेली नाही, कारण सगळा रस्ता त्या माणसाच्या अंगावर लादलाय. चित्रकलेच्या वर्गात 'निसर्गचित्र' आणि 'व्यक्तिचित्र' वेगळं शिकवतात म्हणे. इथं व्यक्तीच्या गळ्यातच गावाचा नकाशा लटकतोय.

आणि कमरेचा झाडू सुटून हातात आला, एवढाच काय तो फरक असंही कधीकधी वाटतं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो काढलेत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे सरकारनेही ते फोटो पाहिले असं धरू. त्या फोटोंत मुंबईचा रस्ता खालून दिसतो. कचऱ्याच्या गाडीतून, गटारातून, घाणीत कमरेपर्यंत उभ्या माणसाच्या उंचीवरून. आपण ज्या रस्त्यावरून चालतो तो कुणाच्या छातीएवढा असतो, हे त्या फोटोंनी मला पहिल्यांदा दाखवलं.

आता बाबासाहेबांच्याच एका लिखाणाकडं वळतो, कारण त्याच्याकडं साहित्य म्हणून कुणी बघत नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांच्या आठवणींचं लहानसं पुस्तक. लिहिलं १९३०च्या दशकात, पुस्तिका म्हणून छापलं गेलं ते १९९० साली. आपण त्याला आत्मकथन म्हणतो. मी म्हणतो, ते रस्त्याचं पुस्तक आहे. १९०१ सालची गोष्ट. वडील गोरेगावला नोकरीवर. सुट्टीत भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं त्यांच्याकडं निघतात. नवे कपडे, खिशात पैसे, पोरं खुशीत. मसूर स्टेशनवर उतरतात. घ्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, आणि जात कळताच आपल्या खोलीत निघून जातो. बैलगाड्या भाड्याने मिळतात, पण यांना नाही. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, तेव्हा एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूने चालणार.

हे चित्र डोळ्यांपुढं आणा. भाडं देणारी पोरं गाडी हाकतायत आणि भाडं घेणारा गाडीवाला पायी चालतोय! कुठल्याही नाटककाराला सुचणार नाही असा हा प्रवेश आहे. पैशानं गाडी मिळाली, पण रस्ता मिळाला नाही. रात्र झाली, जवळ खायचं होतं, प्यायला पाणी नव्हतं, आणि वाटेत कुणी दिलं नाही. मार्क्सवादी मित्र म्हणतात, आधी खिसा बघा. बघतो ना. या पोरांचा खिसा भरलेला होता. घसा कोरडा होता.

त्याच पुस्तकात पुढं बडोदा येतं. साल १९१७. परदेशातून शिकून आलेला माणूस पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहतो. जात उघडी पडते, काठ्या घेऊन लोक येतात, बाहेर काढतात. खोली नाही, हॉटेल नाही. मग तो कामाठी बागेत जाऊन बसतो. बाग सार्वजनिक होती, म्हणून बसता आलं. इथं एक बारीक गोष्ट आहे, ती आपल्या लेखकांनी पुढं नेली. शहराचा रस्ता तुमची जात लगेच ओळखत नाही. गर्दीत तुम्ही एक डोकं असता. पण रस्ता सोडून दार वाजवलं, की आतून जात विचारतात. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत हेच आहे. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी जातो आणि खोली शोधत फिरतो. फिरेपर्यंत तो कामगार असतो, कवी असतो, माणूस असतो. खोली मिळवायला जात लपवावी लागते, आणि ती फुटली की मार पडतो. शहर आपल्याला अर्धंच स्वातंत्र्य देतं, चालायचं. राहायचं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे वाभाडे काढले ते बरोबरच होते. पण शहरातही दाराच्या आत खेडं बसलेलं असतं, हे बागुलांनी दाखवलं.

आता पांढरपेशांच्या रस्त्याकडं वळू. शिव्या द्यायला नाही, समजून घ्यायला. अरुण कोलटकर मोठा कवी. मुंबईत काळा घोडा भागात एका हॉटेलच्या खिडकीशी बसून तो वर्षानुवर्षं समोरचा चौक बघायचा. त्यातून इंग्रजी कविता झाल्या, 'काळा घोडा पोएम्स', २००४ साली पुस्तक आलं. एम.ए. करणाऱ्या एका मित्राने बसून मला त्या समजावून सांगितल्या. फुटपाथवरची माणसं, झाडूवाल्या बाया, कुत्री, इडली खायला जमलेले भिकारी. कवी त्यांना कीव म्हणून बघत नाही, त्यांचा थाट बघतो. हे मला आवडलं. त्याला नावं ठेवणारा मी कोण! पण एक गोष्ट विसरायची नाही. कवी टेबलाशी आहे. मध्ये काच आहे. त्याला वाटलं तर तो उठून घरी जातो, आणि त्या चौकातल्या माणसांचं घर तो चौकच आहे. बघणाऱ्याचा रस्ता आणि राहणाऱ्याचा रस्ता यांत त्या काचेएवढं अंतर कायम राहतं.

भाऊ पाध्येंचा 'वासूनाका' (१९६५) काचेच्या अलीकडं येतो. नाक्यावरची पोरं, पोक्या आणि त्याची गँग, त्यांची खरी बोली. अत्र्यांनी झोडपलं, सोवळ्या लोकांनी नाकं मुरडली. पाध्ये ठाम राहिले, चांगलं केलं. पण तो नाका पोरांचा आहे. तिथून जाणारी पोरगी फक्त जाते, आणि पोरं तिच्यावर बोलतात. तिच्या पायांनी तो नाका कसा दिसतो? पुस्तकात तिचा रस्ता नाही. हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी तो आपल्याच अंगावर येणार आहे.

आपल्या बाजूची माणसं रस्ता बघायला गेली नाहीत, रस्त्यानेच ती आली. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून मुंबईला आई-बापाबरोबर पायी चालत आले. वाटेत मिळेल ते काम करत. ज्याने मुंबई पायांनी मोजत गाठली, त्याच्या लिखाणातली मुंबई आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी नसणारच. 'स्मशानातलं सोनं' वाचा. खाण बंद पडली की भीमा नावाचा पैलवान गडी रात्री स्मशानाची वाट धरतो. कामाचा रस्ता बंद झाला की माणूस कुठल्या रस्त्याला लागतो, याची ती कथा. आणि २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माणसं पायी गावाकडं निघाली, ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, तेव्हा मला अण्णा भाऊंची वाट उलटी चालताना दिसली. शंभर वर्षं होत आली, आणि पाय तेच.

नारायण सुर्वे तर रस्त्यावरच सापडले. आईबाप ठाऊक नाहीत. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी उचललं, नाव दिलं, शिकवलं. 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे नाव त्यांनी हौसेने दिलेलं नाही. शाळेने शिकवलं नाही ते रस्त्याने शिकवलं, हा त्यांचा दाखला आहे. पण प्रेमाने एक तक्रार करतो. सुर्व्यांच्या रस्त्यावर कामगार भेटतो, वेश्या भेटते, पोस्टर चिकटवणारा भेटतो. जात कमी भेटते. अनाथाला जात लागत नाही, म्हणून त्यांचा रस्ता माणुसकीने भरून वाहतो. आमच्या आजाचा रस्ता इतका मोकळा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांतसुद्धा एके काळी विणाईचं खातं आपल्या माणसांना बंद होतं, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा. तिथं कामगार म्हणून एक असणारी माणसं धाग्यापाशी येऊन वेगळी व्हायची.

मग 'गोलपिठा' आला, १९७२. ढसाळवर आपण इतकं बोललोय की आता त्याच्या नावानं घोषणा होते, वाचन होत नाही. तेंडुलकरांची प्रस्तावना आठवा. त्यांना शब्द अडले, ते नामदेवला अर्थ विचारत राहिले, त्याच्याबरोबर त्या भागात फिरले. मराठीतल्या एका मोठ्या नाटककाराला मराठी कविता वाचायला वाटाड्या लागला! रस्ता वेगळा असला की भाषा वेगळी होते, याला आणखी पुरावा काय पाहिजे? ढसाळने गोलपिठ्याचं वर्णन केलेलं नाही. त्या गल्लीने ढसाळचं वाक्य केलंय. त्याची ओळ लांबत जाते, थांबत नाही, कारण कामाठीपुऱ्यात थांबायला जागा नसते. खाटकाचं दुकान, दवाखाना, मटका, ग्रंथातला शब्द आणि शिवी, सगळे एकमेकांना धक्के देत एकाच ओळीतून जातात. टॅक्सी चालवलेला माणूस तो, शहराचे वळसे त्याच्या हातात होते.

आणि आपण त्याच्या मागून आलेले काय करतो? शिवी उचलतो, रस्ता सोडतो. शिबिरात दहा कविता ऐकल्या, आठांत तीच शिवी होती आणि एकाही पोराने गोलपिठा पाहिलेला नव्हता. मीही नाही. अरे, तुझ्या गावात गल्ली नाही काय? तुझ्या गल्लीची शिवी वेगळी आहे ना? मग ती लिही की! उसनी शिवी ही उसन्या चपलेसारखी, चालताना कळते.

बायांचा रस्ता आपण आणखीच कमी वाचलाय. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून १९८६ ला आलं. त्यात लाकडाच्या मोळ्या घेऊन निघालेल्या बाया आहेत. समोरून वरच्या जातीचा माणूस आला की रस्ता सोडून बाजूला उतरायचं, पदर डोक्यावर घ्यायचा, जोहार घालायचा. एखादी नवी नवरी जोहार विसरली तर सगळ्या महारवाड्याला बोल. म्हणजे पोरीला सासरी स्वयंपाकाच्याही आधी शिकावा लागायचा तो रस्ता! ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) सुरूच होतं डोंगरातली वाट तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायांपासून. डोक्यावर ओझं, पायाखाली काटे-दगड, आणि तोंडाने एकमेकींच्या चेष्टा. ते हसणं मला फार मोलाचं वाटतं. पुरुषांच्या आत्मकथनात रस्त्यावर अपमान होतो, त्यात हसू जवळजवळ नाही. बायांनी अपमानही लिहिला आणि वाटेवरचं हसूही वाचवलं.

सिनेमाचं थोडक्यात. 'श्री ४२०' (१९५५) मध्ये राज कपूर मुंबईच्या फुटपाथवर झोपतो. फुटपाथवाले दिलदार, बंगलेवाले बदमाश. लहानपणी टी.व्ही.वर बघितला, रडलो. पण त्या फुटपाथवर कुणालाच जात नाही. हिंदी सिनेमाने गरिबाला रस्ता दिला आणि त्याचं आडनाव काढून घेतलं. १९८१ च्या 'चक्र'मध्ये झोपडपट्टी खरी आली, दळवींच्या कादंबरीवरून. पण शेवटी बुलडोझर येतो तेव्हा प्रेक्षकाला 'अरेरे' म्हणायची सोय असते.

ही सोय नागराज मंजुळेने मोडली. 'फँड्री' (२०१३) मध्ये शाळेसमोर डुक्कर धरायचंय. जब्या लपतो, कारण वर्गातली शालू बघतेय. सगळं गाव बघतंय, हसतंय, मोबाईलवर फोटो काढतंय. गावचा रस्ता ही बसून तमाशा बघायची गॅलरी आहे, आणि कैकाड्याचं कुटुंब त्यातला खेळ. मग डुक्कर काठीला बांधून बाप-लेक शाळेच्या भिंतीपुढून जातात. भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले. चित्रं तशीच राहतात, डुक्कर पुढं जातं. थेटरात माझ्या मागं कुणी तरी टाळ्या वाजवल्या. मला त्या प्रसंगात टाळ्यांसारखं काहीच दिसलं नाही. आपले महापुरुष भिंतीवर चढले आणि भिंतीपुढचा रस्ता आहे तसाच आहे, एवढं सरळ तो सांगतोय. शेवटचा धोंडा प्रेक्षकाकडं येतो तो यासाठी. आपणही प्रेक्षकांतच बसलेलो होतो, हे विसरू नका.

'कोर्ट' (२०१४) मध्ये रस्त्याच्या खालचा रस्ता आहे. मॅनहोलमध्ये उतरून मेलेल्या कामगाराच्या मृत्यूचा आरोप म्हाताऱ्या लोकशाहिरावर येतो. म्हणे, त्याच्या गाण्याने त्याला आत्महत्या करायला लावलं. शाहिराचं काम वीरा साथीदारांनी केलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने ते गेले. कोर्टात कामगाराची बायको शांतपणे सांगते, नवरा हातमोजे-मास्क काही नसताना कसा उतरायचा. ती रडत नाही. सगळा कायदा वरच्या रस्त्यावर चाललाय आणि माणूस खालच्या रस्त्यात मेलाय. गाणाऱ्याला पकडलं, उतरवणारा मोकळा.

आता आपल्या अंगावर येतो.

आपल्या कवितेत रस्ता म्हणजे मोर्चा. ते खोटं नाही. १९२४ साली वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून नुसतं चालता यावं म्हणून. २० मार्च १९२७ ला महाडात माणसं रांगेने बाजारपेठेतून चवदार तळ्यापर्यंत चालत गेली. पाणी ओंजळीत आलं, त्याच्या आधी पाय त्या पेठेत पडले होते. आणि परतणाऱ्यांवर त्याच गावाच्या रस्त्यांत हल्ला झाला. १० जानेवारी १९७४ ला पँथरच्या मोर्चात परळला वरून दगड पडला आणि भागवत जाधव गेला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाईनगरात पुतळ्याची विटंबना झाली म्हणून हायवेवर आलेल्या माणसांवर गोळीबार झाला, दहा जण गेले. आनंद पटवर्धनांनी त्यावर 'जयभीम कॉम्रेड' केला, चौदा वर्षं लावून, २०११ ला. चौदा वर्षं का? कारण गोळीबार काही मिनिटांत संपतो, त्यानंतरचा रस्ता संपत नाही. शाहीर विलास घोगरे गळफास घेऊन गेले, खटले रेंगाळले, पोरं मोठी झाली, काही विरुद्ध बाजूच्या झेंड्याखाली गेली. कॅमेरा थांबला म्हणून हे दिसलं. आपली कविता थांबत नाही. मोर्चा सुटला की कविता सुटते, मोर्चा पांगला की कविता पांगते.

हे मला कुणा पुस्तकाने शिकवलं नाही. माझी आई नगरपालिकेच्या ठेकेदाराकडं झाडूकाम करते. १४ एप्रिलला रात्री चौकातल्या स्टेजवर मी कविता म्हटली. रस्ता आमचा, चौक आमचा, अशी. शिट्ट्या पडल्या, एका पुढाऱ्याने शंभराची नोट दिली. आई पोरींबरोबर मागं उभी होती, निळी साडी नेसून. खुशीत होती. रात्री दोनला घरी आलो. चारला ती उठली. झाडू घेतला. मी म्हणालो, आज तरी सुट्टी घे. ती म्हणाली, "मिरवणूक झाली की कचरा दुप्पट. ठेकेदार खाडा धरतोय." मग दाराशी थांबून म्हणाली, "रस्ता आपला म्हन्लास न्हवं स्टेजवर? मग झाडाया मी एकलीच कशी?"

मला उत्तर आलं नाही. उठून तिच्याबरोबर गेलो. फटाक्यांचा कागद, पाण्याचे पाऊच, नाश्त्याच्या पत्रावळ्या, तुडवलेली फुलं, आणि एक फाटलेला बाबासाहेबांचा फोटो. तो तिने उचलला, पदराने पुसला, दुकानाच्या फळीवर ठेवला. सहा बाया होत्या. हातमोजे एकीच्याही हातात नाहीत. सहाही आपल्याच. उजाडेपर्यंत रस्ता असा लख्ख झाला की रात्री इथं हजारो माणसं नाचली यावर विश्वास बसू नये. मुक्ता साळवेच्या काळात आपली पावलं आपण झाडायची होती. १४ एप्रिलच्या पहाटे माझी आई आमची पावलं झाडत होती.

माझी ती कविता मी फाडली नाही. पण अपुरी आहे हे कळलं. म्हणून कुठलीही कविता, कथा, सिनेमा, चित्र हातात आलं आणि त्यात रस्ता असला की मी आता चार गोष्टी विचारतो. इथून बिनधास्त कोण चालतो? बाजूला कोण उतरतो? बसून बघतो कोण? आणि सगळे गेल्यावर झाडतो कोण? प्राध्यापकांच्या 'सगळ्यांच्या' रस्त्याला हे प्रश्न लावले तर तो पहिल्यालाच अडतो. 'वासूनाका' दुसऱ्याला अडतो. काळ्या घोड्याची खिडकी तिसऱ्याला. आणि आपली मोर्चाची कविता चौथ्याला. चारी उत्तरं एकत्र देणारं लिखाण अजून व्हायचंय. ते करायचं कुणी? खिडकीशी बसलेल्यांनी खूप केलं, त्यांना आणखी किती त्रास द्यायचा?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्या वस्तीला नवी पाटी लागली. चांगलं झालं. पण २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाला उचलून नेऊन मारून टाकलं गेलं, त्या रस्त्यावर पाटी कुठली होती? पाटी सरकार बदलू शकतं. आजाच्या त्या पन्नास पावलांचं काय ते आपल्यालाच बघायचंय.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी लिहायला बसाल तेव्हा गोलपिठा नको, पॅरिस तर नकोच. पहाटे चारला उठा. आपल्या दारापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत चाला. कुठं पाय आपोआप हळू होतो, कुठं मान खाली जाते, कुणाच्या ओट्यापुढं आवाज बारीक होतो, ते बघा. तिथं थांबा, आणि तिथून लिहा. झाडणारी बाई भेटली तर तिला आधी नाव विचारा. आणि जमलं तर थोडा वेळ झाडू हातात घ्या, म्हणजे ओळ कुठं तोडायची ते कळेल.

जय भीम!